घर आणि व्यवहार : दत्तकाचे दप्तर



गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एका भगिनींचे पत्र आले. सुताच्या व्यापारातील घराणे आहे. लेक-जावई अमेरिकेत असतात. लग्नाला बारा वर्षे झाली, संतती नाही, आणि आता दोघांनी भारतातून एखादे अनाथ मूल दत्तक घेण्याचे निश्चित केले आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘‘एक गृहस्थ सर्व कागद, सह्या आणि शिक्के एकरकमी करून देतो म्हणतात. घरातील मंडळी म्हणतात, रक्कम देऊन टाका आणि मोकळे व्हा. आपण काय सांगाल?’’

हा प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्याही घरी आला होता. त्यामुळे या वेळचे उत्तर ऐकीव माहितीवर नाही. त्यात आमच्या चुका आहेत, आणि माझ्या मनात येऊन गेलेला एक मोहही आहे. तो सांगितल्यावाचून हे उत्तर पुरे होणार नाही.

प्रथम एवढे समजून घेऊ, की परदेशी जाणाऱ्या दत्तकाला इतके कागद का लागतात. पूर्वी असे नव्हते. परदेशी दांपत्ये येत, कोणा संस्थेतून मूल घेत, न्यायालयाकडून पालकत्वाचा हुकूम मिळवीत आणि निघून जात. त्यातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने १९८४ साली निकाल दिला. मूल मागणाऱ्या परदेशी कुटुंबाची घरी जाऊन झालेली पाहणी, विवाहाचा दाखला, प्रकृतीचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा असे कोणकोणते कागद हवेत, हे त्या निकालाने सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या कागदांवर नोटरीची सही असावी आणि त्या नोटरीची सही तेथील शासनाच्या किंवा आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याने साक्षांकित करावी, असे ठरवून दिले. पुढे १९९३ साली हेग येथे आंतरदेशीय दत्तकासंबंधी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २००३ साली स्वीकारला. आज आपल्याकडे ‘कारा’, म्हणजे केंद्रीय दत्तकग्रहण संसाधन प्राधिकरण, या कराराप्रमाणे काम पाहते. २०१५ चा बाल न्याय अधिनियम आणि २०२२ ची दत्तक विनियमावली हे तिचे आधार आहेत.

या साऱ्याचे मूळ एकच आहे. ज्या मुलाविषयी निर्णय होत आहे, त्याला बोलता येत नाही. आपल्याला कोणी विकत तर घेत नाही ना, नेणारे लोक खरोखर कोण आहेत, हे ते विचारू शकत नाही. त्याच्या वतीने हे प्रश्न कागद विचारतात.

आता शिक्क्यांकडे वळू. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी हुंड्या लिहिल्या आणि सकारल्या आहेत. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या माणसाच्या हाती पडत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहालाच ती चुकती होई. दूरच्या गावची पेढी प्रत्यक्ष पाहिलेली नसली, तरी तिची सही ओळखणारा कोणीतरी मध्ये असे. त्याच्या ओळखीवर हजारोंचा व्यवहार चाले. दोन देशांमधील कागदांचे साक्षांकन याच रीतीने चालते. न्यू जर्सीतील नोटरीला सांगलीत कोणी ओळखत नाही. परंतु त्या नोटरीला त्याचे राज्य ओळखते, आणि त्या राज्याची मोहोर आपला देश ओळखतो. या ओळखीच्या शेवटच्या मोहोरेला ‘अपोस्टिल’ म्हणतात. तिचा करार १९६१ सालचा आहे. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे, आणि कॅनडासारख्या देशात अगदी अलीकडे, ११ जानेवारी २०२४ पासून. ज्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, त्यांच्या बाबतीत अजूनही वकिलातीची जुनी वाट चालावी लागते.

मात्र अपोस्टिल कशाची साक्ष देते, हे नीट ध्यानी घ्यावे. कागदावरील सही खरी आहे, सही करणारा त्या अधिकारपदावर आहे आणि मोहोर त्याच कार्यालयाची आहे, एवढेच ते सांगते. कागदातील मजकूर खरा आहे, असे ते कधीच सांगत नाही. मजकुराचा जबाब ज्याचा त्यालाच द्यावा लागतो. पुढे जे सांगणार आहे, त्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

माझा पुतण्या न्यू जर्सीत राहतो. तो अमेरिकेचा नागरिक झाला आहे. सूनबाईने भारताचा पासपोर्ट ठेवला आहे. पहिली गोष्ट आम्हाला कळली ती ही, की तेथील सरकारकडे आंतरदेशीय दत्तकासाठी करावयाचा ‘आय-८००-ए’ हा अर्ज अमेरिकी नागरिकालाच करता येतो. दोघेही केवळ ग्रीन कार्डावर असतील, तर हा अर्ज त्यांना करता येत नाही. इचलकरंजीच्या भगिनींनी लेकी-जावयाला सर्वप्रथम हेच विचारावे.

दुसरी गोष्ट कळली ती नुकसान सोसून. आमच्या हाती आधी एक मोठी यादी आली, आणि आम्ही प्रत्येक कागदावर अपोस्टिल करावयास निघालो. विवाहाचा दाखला, शाळेचे दाखले, घराचे उतारे, काही सोडले नाही. पुष्कळ पैसे गेल्यावर एका जाणत्या वकिलांनी विचारले, ‘‘हा कागद कुठला? महाराष्ट्रातला. वापरायचा कुठे? भारतातच, काराकडे. मग त्याला परदेशी जाणाऱ्या कागदाची मोहोर कशाला?’’ अपोस्टिल लागते ते एका देशाचा कागद दुसऱ्या देशात मान्य होण्यासाठी. स्वदेशीच्या कागदाला स्वदेशात प्रमाणित प्रत पुरते. अमेरिकेच्या अर्जासोबत जे मराठी किंवा कानडी दाखले गेले, त्यांना हवे होते संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर अचूक असल्याचे व आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन.

तिकडून इकडे येणारे कागद मात्र नोटरी आणि अपोस्टिल झालेले लागले. तेथील मान्यताप्राप्त दत्तक संस्थेने केलेला गृह अध्ययन अहवाल, उत्पन्नाचे व नोकरीचे दाखले, प्रकृतीचे दाखले, परिचितांची शिफारसपत्रे आणि पोलिसांकडील चारित्र्याचा अहवाल यांचा त्यात समावेश होता. येथे आमची तिसरी चूक झाली. पुतण्या न्यूयॉर्कमध्ये काम करतो, म्हणून प्रकृतीचा दाखला त्याने तेथील डॉक्टरांकडून घेतला आणि तेथल्याच नोटरीपुढे प्रमाणित केला. मग राहत्या न्यू जर्सी राज्याकडे अपोस्टिलसाठी पाठविला. तो जसाच्या तसा परत आला, आणि ते योग्यच होते. ज्या राज्याचा नोटरी, त्याच राज्याची मोहोर. न्यू जर्सीत ती राज्याच्या कोषागार विभागाकडून मिळते. न्यूयॉर्कमध्ये आधी काउंटी क्लार्ककडून नोटरीची सही प्रमाणित करून घ्यावी लागते, मग राज्याचे खाते अपोस्टिल देते. एफबीआयचा चारित्र्य अहवाल हा संघराज्याचा कागद. त्याला कोणत्याही राज्याची मोहोर चालत नाही. तो वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडेच जातो. आपल्याकडेही हुंडी कोणत्या पेढीवर काढली आहे हे न पाहता कोणी दुसऱ्याच पेढीच्या ओट्यावर जाऊन बसत नसे. आम्ही नेमके तेच केले होते.

या चुकांत पैसे गेले, काही आठवडे गेले. आता मोहाची गोष्ट सांगतो.

सूनबाईचे माहेर शिरोळ तालुक्यातले आणि आजोळ पलीकडच्या चिकोडी तालुक्यातले. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीने तिचा जन्म कर्नाटकात झाला. शाळा मात्र महाराष्ट्रात झाली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९८३. आपल्या पिढीतील वाचकांना हे सांगावयास नको. गुरुजींनी पटावर नाव चढविताना जन्मतारीख विचारली, घरच्यांना सांगता आली नाही, की शाळेच्या वर्षाला सोयीची म्हणून एक जून लिहिली जाई. सबंध वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी! त्याच दाखल्यावर पुढे तिचा पासपोर्ट निघाला, आणि पासपोर्टवरून अमेरिकेतील सारे कागद झाले.

दत्तकाच्या दप्तरासाठी जन्माचा मूळ दाखला हवा म्हणून आम्ही चिकोडीच्या तालुका कचेरीत गेलो. जुन्या नोंदवहीत कानडीत नोंद सापडली. आईवडिलांची नावे बरोबर होती. मुलीच्या नावाची जागा कोरी होती, आणि तारीख होती १९ ऑगस्ट १९८३. तिच्या आजीला विचारले. नव्वदीच्या त्या माऊलीने क्षणभरही विचार न करता सांगितले, ‘‘मोक्षसप्तमी होऊन गेली होती आणि राखी पौर्णिमेला चार दिवस राहिले होते.’’ पंचांग काढून पाहिले. १९ ऑगस्टच येत होती. शाळेतील तारीख खोटी होती. कोणाचा हेतू वाईट नव्हता, परंतु तारीख खोटी होती.

त्या दिवसांत कागदपत्रांची कामे करणारे एक गृहस्थ आमच्या पेढीवर येत. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, ‘‘एवढ्यासाठी कशाला थांबता? एक जूनचाच जन्मदाखला आणून देतो. त्यावर शिक्का हवा असेल, तोही खराच मिळेल.’’

वाचकहो, मी होकार देण्याच्या बेतात होतो. अडीच महिन्यांचा काय तो फरक. आमच्या फायद्यासाठी काही नाही. कोणाचे देणे बुडत नाही, कोणाची जमीन लाटली जात नाही. उलट एका अनाथ जिवाला लवकर घर मिळेल. मनाने किती सुबक हिशेब मांडला पाहा. मी सूनबाईला फोन केला आणि हा सोपा मार्ग सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अण्णा, उद्या मुलीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून माझे नाव येणार. त्यामागे माझाच दाखला खोटा असायला नको.’’

मी गप्प राहिलो. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील एक ‘कूटलेखक्रिया’ आहे. खोटा लेख तयार करणे असा त्याचा सरळ अर्थ आहे. लहानपणी पाठशाळेत तो शब्द मी घोकला होता. वर्षानुवर्षे वह्या लिहिताना मला वाटत आले, की तो शब्द खोट्या खतांसाठी आणि दुहेरी जमाखर्चासाठी आहे. चांगल्या हेतूने केलेला खोटा दाखलाही त्यातच मोडतो, हे मला त्या दिवशी घरच्या सुनेने शिकविले. आचार्यांनी हेतूप्रमाणे सूट ठेवलेली नाही. व्यापारी घरांतील श्रावकांपुढे हा मोह कोणत्या रूपाने येतो, याची त्यांना पुरती जाण असली पाहिजे.

व्यवहारातही ती वाट घातकच होती. खोट्या दाखल्यावर खरी मोहोर उमटली असती, कारण मोहोर मजकूर तपासत नाही. पण मूळ नोंदवही चिकोडीला तशीच राहिली असती. दहा वर्षांनी कोणी ती उघडली असती, तर प्रश्न अडीच महिन्यांच्या फरकाचा उरला नसता. खोट्या कागदावर दत्तक घेतले, हा झाला असता. मग त्या मुलीचे घर, तिचा व्हिसा, तिचे नागरिकत्व, सारेच संशयात सापडले असते.

म्हणून आम्ही लांबची वाट धरली. नोंदवहीचा प्रमाणित उतारा काढला. त्यात नाव घालून घेण्याची रीतसर प्रक्रिया केली. शाळेतील तारीख कशी पडली याचे प्रतिज्ञापत्र झाले. पासपोर्टातील तारीख दुरुस्त करण्याचा अर्ज गेला, मग तिकडच्या कागदांची दुरुस्ती. याला नऊ महिने लागले. काराकडे मुलासाठी जो क्रम लागतो, तो नोंदणीच्या तारखेवरून लागतो. म्हणजे आम्ही रांगेत नऊ महिने मागे गेलो. त्या नऊ महिन्यांत पुतण्याच्या घरी काय चालले असेल, हे मी लिहीत नाही. तयार केलेली खोली बंद करून ठेवली होती, एवढेच त्याने एकदा सांगितले. लवकर नोंदणी झाली असती तर लवकर मूल मिळाले असते काय, हे केवळी जाणे.

पुढचा क्रम मात्र सुरळीत झाला. तो थोडक्यात देतो, कारण यात क्रमालाच महत्त्व आहे. आधी तेथील सरकारकडून पालक म्हणून योग्यतेची मंजुरी. नंतर काराकडे नोंदणी. मग एका मुलीची माहिती आली. साडेचार वर्षांची, एका कानाने कमी ऐकणारी, दुसऱ्या राज्यातील संस्थेत वाढलेली. बाल कल्याण समितीने तिला दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित केले होते. तिचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल वाचून दोघांनी होकार कळविला. मग या विशिष्ट मुलीसाठी अमेरिकेची तात्पुरती मंजुरी, दोन्ही देशांची संमती आणि काराचे ना हरकत प्रमाणपत्र. त्यानंतरच दत्तकाचा आदेश. पूर्वी तो न्यायालय देई. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आला. आदेशानंतर मुलीचा नवा जन्मदाखला, पासपोर्ट, कराराप्रमाणे दत्तक झाल्याचे काराचे अनुरूपता प्रमाणपत्र, आणि सर्वांत शेवटी व्हिसा.

त्या मुलीच्या कागदांत एक गोष्ट पाहून मी थबकलो. ती टाकून दिलेली सापडली होती. तिची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. डॉक्टरांनी तपासून वय ठरविले, आणि त्यावरून तारीख लिहिली गेली. तीही एका परीने मानलेलीच तारीख. पण ती कोणी, कधी आणि कशाच्या आधारे ठरविली, हे दप्तरात नमूद आहे. अनुमान हे अनुमान म्हणूनच लिहिलेले आहे. गुरुजींची एक जून आणि ही तारीख यांत हाच भेद आहे.

आता अनेक घरांतून येणारा दुसरा एक प्रश्न. ‘‘परके मूल कशाला? भावाचेच मूल देऊ. चार माणसांत मांडीवर दिले, दत्तकपत्र केले, की झाले.’’ आपल्या समाजात दत्तकाची परंपरा जुनी आहे. जैनांमध्ये दत्तक हा धार्मिक विधी नसून लौकिक व्यवहार आहे आणि निपुत्रिक जैन विधवेला पतीच्या परवानगीवाचून दत्तक घेता येतो, ही आपली रूढी १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलनेही मान्य केली होती. आज आपल्याला १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम लागू आहे. रूढी नसेल तर मूल पंधरा वर्षांच्या आतील हवे, प्रत्यक्ष देणे-घेणे व्हावे लागते, आणि त्या बदल्यात पैसा देणे-घेणे हा गुन्हा आहे. नोंदणीकृत दत्तकपत्राला कायदा मान देतो. परंतु मूल परदेशी न्यायचे असेल, तर तेवढ्यावर भागत नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांची पडताळणी, त्या देशाची संमती आणि काराचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. अमेरिकेच्या बाबतीत तर येथे आधी दत्तक उरकून मग तेथे अर्ज केला, तर तो अर्ज याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो. आणि बाल न्याय अधिनियमाच्या वाटेने जावयाचे, तर त्यात ‘नातेवाईक’ म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा एवढेच. चुलत किंवा मावस भावाचे मूल या व्याख्येत बसत नाही.

इचलकरंजीच्या भगिनींसाठी, आणि अशाच वाटेवर असलेल्या इतर घरांसाठी, काही सूचना वेगळ्या काढून लिहितो.

१. पहिल्याच दिवशी पती-पत्नी दोघांचे सर्व दाखले एका टेबलावर मांडावेत आणि नाव, मधले नाव, आडनाव, जन्मतारीख व गाव ही पाच खाती ताडून पाहावीत. लग्नानंतर बदललेले नाव, ‘शहा’ आणि ‘शाह’ यांचे वेगवेगळे इंग्रजी वर्ण, वडिलांच्या नावाच्या जागी आलेले पतीचे नाव, हे सारे तेथेच दिसून येते. ताळेबंद जुळत नसेल तर आधी मूळ नोंद शोधावी.

२. मूळ नोंद खरी असेल तर पुढचे कागद तिच्याप्रमाणे दुरुस्त करावेत. पुढच्या कागदांसाठी मूळ नोंद कधीही बदलू नये.

३. प्रत्येक कागदापुढे तीन प्रश्न लिहावेत : हा कोणत्या देशाचा, कोणत्या राज्याचा, आणि वापरायचा कोठे? मोहोर कोणाची हवी, याचे उत्तर त्यातच मिळते. आपल्याकडील वैयक्तिक दाखला परदेशी जाणार असेल तर आधी राज्य शासनाच्या नेमलेल्या खात्याचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. हे अर्ज मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फतच जातात.

४. कागदांनाही मुदत असते. आपल्याकडे गृह अध्ययन अहवाल तीन वर्षे चालतो. अमेरिकेची ‘आय-८००-ए’ची मंजुरी पंधरा महिन्यांची असते. ज्यांचे आयुष्य मोठे ते कागद आधी करावेत. चारित्र्याचा आणि प्रकृतीचा दाखला शेवटी करावा.

५. महत्त्वाच्या दाखल्याच्या एकाहून अधिक प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात. हुंडी हरवली तर पेठ आणि पेठ हरवली तर परपेठ लिहून देण्याची सोय आपल्या पूर्वजांनी उगाच ठेवली नव्हती.

६. कामाला माणूस लावण्यात गैर काही नाही. रांगेत उभे राहणे, टपाल नेणे-आणणे, भाषांतर करणे यांचे मोल द्यावे आणि पावती घ्यावी. परंतु ‘कागद आणून देतो’ आणि ‘कागद करून देतो’ यांत फरक आहे. दुसरे वाक्य ऐकू आले, की उठून यावे. कोणी ‘मूलही मिळवून देतो’ म्हणाला, तर तो बाल न्याय अधिनियमाखाली कैदेला पात्र असलेला गुन्हा आहे, आणि घेणाराही त्यातून सुटत नाही.

७. मूल घरी आले म्हणजे दप्तर मिटत नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाच्या प्रगतीचा अहवाल जातो. तो ओझे मानू नये. कोणीतरी त्या मुलाची चौकशी करीत आहे, असे मानावे.

या सातव्या कलमाला मी एक जोड देतो. अमेरिकेत २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झालेल्या कायद्याने, परदेशातून रीतसर दत्तक घेऊन आणलेले मूल आपोआप नागरिक होते. पण त्या दिवशी ज्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली होती, त्यांना हा लाभ मिळाला नाही. ज्यांच्या पालकांनी वेळेत कागद पुरे केले नव्हते, अशी कितीतरी माणसे त्याच देशात वाढून, तीच भाषा बोलून, प्रौढ वयात परकी ठरली. काहींना, ज्या देशाची भाषाही येत नाही, अशा जन्मदेशी पाठविले गेले. प्रेम त्यांच्या आईवडिलांनीही केले असेल. एक कागद राहून गेला होता.

तेव्हा ताई, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. त्या गृहस्थांना एकरकमी पैसे देऊ नका. लेकी-जावयाला सांगा, की मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जा, आणि प्रत्येक कागद स्वतः वाचून सही करा. वेळ लागेल. घरातील वडीलधाऱ्यांनी त्या काळात ‘झाले का, झाले का’ असे विचारू नये. सोळाव्या महिन्यानंतर मी ते विचारणे सोडले, आणि त्याबद्दल पुतण्याने माझे आभार मानले.

आमची नात आता सात वर्षांची आहे. गेल्या दिवाळीला सांगलीला आली होती. तिच्यासाठी पुतण्याने एक जाड फाईल करून ठेवली आहे. संस्थेतील छायाचित्र, समितीचा आदेश, काराचे प्रमाणपत्र, आणि चिकोडीच्या नोंदवहीतील तो कानडी उतारासुद्धा. अठरा वर्षांची झाल्यावर तिला आपल्या मुळाविषयी रीतसर विचारणा करता येते. त्या दिवशी ही फाईल तिच्या हाती द्यायची, असे दोघांनी ठरविले आहे. तिने ती माझ्या बैठकीत उघडली आणि विचारले, ‘‘आजोबा, हे सगळे माझे आहे?’’ मी म्हणालो, ‘‘हो बाळ, हे तुझे दप्तर.’’ तिला दप्तर म्हणजे शाळेचे, एवढेच ठाऊक. म्हणाली, ‘‘एवढे जड?’’

जड आहे खरे. पण त्यातील एकही पान तिच्यापासून लपवावे लागणार नाही.

पुढील अंकात मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांतील भेदाविषयी आलेल्या पत्रांचा विचार करू. जय जिनेंद्र.